रामकिसनचा शेवटचा हात

रामकिसनचं नाव तुम्ही कधी वाचलेलं नसणार. आमच्या नाटक कंपनीच्या जाहिराती भिंतींवर लागायच्या, तेव्हा आम्हा नटांची नावं वितभर अक्षरांत असायची. सगळ्यांत खाली, खळीच्या ओघळात बुडालेलं, ‘रंगभूषा : रामकिसन’ एवढंच. बकऱ्यांना खळ आवडते आणि बकरी जाहिरात खालून खायला लागते. रामकिसन म्हणायचा, "काकासाहेब, तुमचं नाव गाव वाचतं. माझं बकरी वाचती. पण वाचती चवीनं."

मला कंपनीत सगळे काकासाहेब म्हणायचे, अगदी पंचविशीपासून, कारण म्हातारे राजे आणि खाष्ट सासरे माझ्या वाट्याला यायचे. त्या कोवळ्या तोंडावर साठ वर्षं चढवायचं काम रामकिसनचं. आता माझ्या तोंडावर खरीखुरी ऐंशी वर्षं आहेत आणि कुणी टाळी देत नाही. असो. आजचा प्रवेश माझा नाही, त्याचा आहे.

तो पाचोडचा. त्याची थोरली बहीण आवडाबाई अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनच्या साली जन्मली, म्हणून तिच्या वयाबद्दल घरात कधी वाद झाला नाही. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आमच्या कंपनीचे मालक तात्यासाहेब पाचोडला बाजाराच्या दिवशी खेळ लावायचे. बाजार उठला की त्याच जागी पेट्रोमॅक्स पेटायचे. अशाच एका बाजारात आक्का मेथीच्या जुड्या विकत होती आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्याच नाटकातल्या सवतीच्या आवाजात झापत होती. तात्यासाहेब मेथी घ्यायची विसरले आणि तिच्या आईसमोर जाऊन उभे राहिले.

आई साळूबाई एकटीनं दोन लेकरं वाढवणारी बाई. ती म्हणाली, "पोरगी नेता तर न्या. पण तिचा भाऊ संगं राहील. ती जिथं बसंल तिथं त्यो बसंल. मग ती कापडं बदलायची खोली असू द्या नायतर इंद्राचा दरबार."

आता आली पंचाईत. बायकांच्या रंगपटात, म्हणजे नट्या जिथं रंग लावायच्या त्या खोलीत, पुरुषाला मज्जाव. एकच पुरुष आत जाऊ शकायचा, तो रंगभूषा करणारा. तात्यासाहेबांनी डोकं खाजवलं आणि मिसरूड न फुटलेल्या रामकिसनच्या हातात रंगाची डबी ठेवली. बहिणीची राखण करायला आलेलं पोरगं असं कलावंत झालं.

आणि हात कसला! आक्का विसाची असताना त्यानं तिची सत्तरीची म्हातारी केली. त्याच्याकडं रबराचं दूध असायचं, ज्याला बाहेरचे लोक लॅटेक्स म्हणतात. कातडी दोन बोटांनी ताणून धरायची, स्पंजानं ते दूध टिपून टिपून लावायचं, वाळू द्यायचं आणि मग कातडी सोडायची. बघता बघता सुरकुत्या पडायच्या. परभणीला खेळ संपल्यावर एक आजी आत आल्या आणि आक्काच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माय, या वयात का नाचवतेत तुला ही मेली?" आक्का त्यांच्या गळ्यात पडून खरोखर रडली. बाहेर आल्यावर म्हणते, "किसन्या, तुझ्या रंगानं म्हातारी फसली आणि माझ्या रडण्यानं मी."

कंपनीत एक रिवाज होता, तो तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सगळी रंगभूषा संपली, तिसरी घंटा व्हायची वेळ आली की रामकिसन प्रत्येकाच्या तोंडावर शेवटचा हात द्यायचा. कुठं रेघ उजळायची, कुठं पुसायची, कुठं काही टिपायचं. तो हात देताना दुसऱ्यांनी माना वळवायच्या. काय लावलं ते नटानं विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही आणि त्यानंतर आरशात बघायचं नाही. सांगितलं की लावलेलं गळून पडतं, अशी समजूत. हसू नका. आमच्यात एकानं विचारलं होतं, रामकिसननं बेसावधपणे सांगितलं होतं आणि दुसऱ्या अंकात त्या माणसाची मिशी सासऱ्याच्या, म्हणजे माझ्या, वरणाच्या वाटीत पडली होती. तेव्हापासून रामकिसन त्या बाबतीत मुका झाला तो झालाच.

खेळ संपला की खोबरेल तेल आणि जुन्या धोतराचं फडकं. तासभर खपून केलेला चेहरा त्या फडक्यावर उतरायचा. जालन्याला एकदा तो असंच वापरलेलं फडकं उलगडून बघत बसला होता.

"काय बघतोस रे?"

"आक्का बघतोय," तो म्हणाला. "रोज हितंच राहती. सकाळी धुणारी बाई येती आन् घेऊन जाती."

मी तेव्हा हसलो होतो. त्याच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं.

कंपनी मोडली, तात्यासाहेब गेले, आम्ही पांगलो. आक्का आणि रामकिसन बेगमपुऱ्यात दोन खोल्यांत राहिले. दोघांनीही लग्न केलं नाही. तो शाळांच्या स्नेहसंमेलनात पोरांना दाढ्या चिकटवायचा, गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे रंगवायचा. आक्का गल्लीतल्या पोरींना गाणी शिकवायची आणि गल्लीतल्या बायांना भांडणं. मी औरंगपुऱ्यातून चालत जायचो. चहा व्हायचा, जुने प्रवेश व्हायचे, आक्का माझे संवाद माझ्याआधी म्हणायची.

मग आक्काच्या किडन्यांनी मान टाकली. घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, रक्त शुद्ध करायला जाणं सुरू झालं. चेहरा एक दिवस सुजायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचा. त्याच सुमाराला रामकिसनच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. "बाजूनं अंधार येतोय काकासाहेब," तो म्हणाला. "विंगेतून माणूस यावा तसा. डाक्टर म्हणले, आलेला परत जात नसतो."

दवाखान्याच्या कार्डासाठी आक्काचा फोटो लागत होता. त्यासाठी त्यानं ट्रंक उघडली आणि मी गेलो तेव्हा तो सगळे फोटो फरशीवर पसरून मध्ये बसलेला होता.

"काकासाहेब, ह्यात आक्का दावा."

मी चष्मा चढवला. "ही काय. सवत. ही राजमाता. ही वेडी, ही सत्तरीची म्हातारी..."

"त्यो माझा रंग हाय. मी लावलेला. त्याच्या खालची आक्का कुठंय?"

खरंच नव्हती. शेकड्यानं फोटो आणि प्रत्येकात ती दुसरीच कुणीतरी. रंगाशिवायचा एकच फोटो होता, मतदार कार्डावरचा, आणि तो पाण्यात पडलेल्या कुठल्याही बाईचा म्हणून खपला असता.

"म्हणजे ती गेली की काय ऱ्हाईल?" रामकिसन म्हणाला. "मी झाकलेलं तेवढं ऱ्हाईल."

आतल्या खोलीतून आक्का ओरडली, "अजून हाय मी! गेल्यावर इचार करा!"

त्या दिवशी त्याच्या डोक्यानं घेतलं. आक्काचा रंगाखालचा चेहरा करायचा. कुणी पुसू शकणार नाही असा. आपले डोळे आहेत तोवर आणि आक्काचा चेहरा आक्काचा आहे तोवर.

पैठणच्या कुंभाराकडून त्यानं एसटीनं मातीचं पोतं आणलं. लाकडी पाटावर तारेचा सांगाडा उभा केला, त्यावर काथ्या गुंडाळला आणि माती चढवली. खिडकीपाशी आक्काची खाट आणि खाटेसमोर मातीची आक्का. रोज सकाळी तो तिच्यावरची ओली फडकी काढून पाणी शिंपडायचा.

"माझ्याआधी हिला आंघोळ," आक्का म्हणायची. "सवत आणली मेल्यानं घरात."

"गप बस. जबडा हलतोय."

"नाक केवढं केलंस! एवढं नाय माझं."

"हाय."

"आईचं व्हतं मोठं."

"मग तेच चिकटवलंय देवानं तुला. मी काय करू?"

आक्काच्या एका भुवईच्या वर देवीचा वण होता, मसुरीच्या डाळीएवढा. इतकी वर्षं मी तिच्यासमोर उभा राहून कामं केली, पण कंपनीच्या दिवसांत मला तो कधी दिसला नाही, कारण रंगपटात रामकिसनचं बोट पहिल्यांदा तिथंच जायचं आणि वण झाकायचं. मातीत मात्र त्यानं सगळ्यांत आधी तो वण केला. मग कपाळ. मग डोळ्यांच्या कडा. तिथं तो फार दिवस अडकला.

"इसाव्या वर्षी तुला म्हातारी केली तवा मी सुरकुत्या हितं दिल्त्या," तो आक्काच्या डोळ्याशी वाकून म्हणाला. "खऱ्या पडल्या त्या भलतीकडंच."

"मला इचारलं अस्तंस तर सांगितलं अस्तं."

"इसाव्या वर्षी तुला काय म्हाईत?"

"अन् तुला रं?"

संक्रांतीच्या सुमाराला पुतळा झाला. गळ्यापासून डोक्यापर्यंत. रसिकहो, मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून संवाद निघाला, तिच्याबरोबरच्या प्रवेशातला. ओठाचा एक कोपरा खाली ओढलेला, टोमणा तयार, फक्त आपण चुकायची वाट बघतोय. डोळ्यांभोवती जाळं. कपाळावर तो वण. रंग नाही, पात्र नाही. भाजीवाल्याला परत पाठवणारी, औषध चुकवणारी आमची आक्का.

पण माती ती माती. वाळली की तडकणार आणि आत तारेचा सांगाडा असल्यानं भट्टीत भाजता येणार नाही. तेव्हा मी श्रीधरला बोलावलं. श्रीधर पन्नाशीचा, वाळूजच्या एका कारखान्यात साच्यांच्या खात्यात होता. आता घराच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये रेझिनच्या मूर्ती आणि घरांवरच्या पाट्या करतो. लहानपणी आक्काची वेडी बघून हा आठवडाभर तापानं फणफणला होता, असं त्याची आई सांगायची. तो आला, पुतळ्याभोवती फिरला आणि आक्काच्या पाया पडला.

"माझ्या पडतोस का हिच्या?" आक्कानं विचारलं.

"दोघींच्या," तो म्हणाला.

मग त्यानं आम्हाला समोर बसवून समजावलं. सिलिकॉनचे दोन घट्टसर द्रव सारखे घेऊन मिसळायचे आणि ब्रशनं पुतळ्यावर चढवायचे. पहिला थर पातळ, तो प्रत्येक रेघेत शिरतो. वर जाड थर. ते घट्ट झालं की रबरासारखं होतं. त्यावर काथ्या घातलेल्या प्लास्टरचं टणक कवच, म्हणजे आतला मऊ साचा आकार सोडत नाही. दुसऱ्या दिवशी कवच काढायचं, साचा सोलून घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं.

"आन् माती?" रामकिसननं विचारलं.

"साचा सोलताना माती बहुतेक तुटते, काका. म्हणजे साचा जमला तर सगळं जमलं. फसला, तर साचाही नाही आणि मातीही नाही."

रामकिसन आक्काकडं बघत राहिला. तिचा चेहरा त्या आठवड्यात इतका सुजला होता की मातीतलीच जास्त खरी वाटत होती.

"आणि एक," श्रीधर म्हणाला. "हे सिलिकॉन फार सोवळं असतं. काही काही वस्तूंचा विटाळ झाला की तेवढ्या जागी घट्टच होत नाही. मातीला काय काय लावलंय ते मला सगळं सांगा."

"माती हाय. पाणी हाय," रामकिसन म्हणाला. आणि त्या दिवशी ते खरं होतं.

ठरलेल्या दिवशी श्रीधर सकाळीच आला. मातीतला ओलावा आतच राहावा म्हणून त्यानं पुतळ्यावर लाखेचं पातळ पॉलिश मारलं आणि ते वाळेपर्यंत डबे आणायला खाली गेला. रामकिसन पुतळ्याजवळ गेला, नाक टेकेल इतका जवळ. पॉलिश डोळ्यांच्या कडांत साचलं होतं, कपाळावरच्या बारीक रेघा बुजल्या होत्या. त्यानं एकदा आक्काकडं बघितलं, एकदा मातीकडं. मग तो कोपऱ्यातल्या पेटीशी गेला. त्याची पाठ आमच्याकडं झाली आणि कोपरं हलायला लागली. मी त्या पाठीला ओळखत होतो. शेवटचा हात चालला होता. मी मान वळवली. आक्कानंही वळवली. अंगात भिनलेला रिवाज तो.

श्रीधर परत आला. "मी गेल्यावर काही लावलं नाही ना?"

रामकिसननं मान हलवली. नाही. आणि बोटं धोतराला पुसली.

"तिसरी घंटा द्या की मग!" आक्का खाटेवरून म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी किती मोकळा होता! मी चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर घंटा दिली. श्रीधरनं पहिला थर लावायला घेतला. ते गुलाबी सिलिकॉन कपाळावरून उतरायला लागलं, वण बुडाला, डोळे बुडाले, ओठ बुडाले. रामकिसन भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. देवाचं म्हणत असेल असं मला वाटलं. जवळ गेलो तर तो नांदीतल्या ओळी म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी कवच निघालं. श्रीधरनं मागून, मानेवरून साचा चिरला आणि गळ्याकडून सोलायला लागला. रबर निघताना चर्र असा आवाज येत होता. गळा आला. हनुवटी आली. त्यानं साच्याचा आतला भाग आम्हाला दाखवला, खालच्या ओठावरच्या उभ्या भेगासुद्धा उतरल्या होत्या.

"वा!" मी म्हणालो. माझे हात टाळीसाठी उचललेही गेले.

नाकाच्या वर त्याचा हात थांबला. त्यानं जरा ओढलं. पाकाची निघावी तशी तार निघाली. आणखी ओढलं तर तारांबरोबर मातीचा थर सुटून आला, पापणीसकट. आत सिलिकॉन नव्हतं, चिकट लगदा होता. गालावरून ओघळलेला, वणावर साचलेला. श्रीधरनं कडा हळूच सोडवायचा प्रयत्न केला आणि कपाळ काथ्यावरून उतरलं. त्याच्या तळहातावर पडलं आणि मोडलं.

श्रीधर ते तुकडे तळहातावरच जुळवायला लागला.

"झालं का?" आक्कानं खाटेवरून विचारलं. तिला उठून बसवत नव्हतं. "टाळ्या का नाय?"

श्रीधरनं चिकट बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला. "काका," तो हळू म्हणाला, "डोळ्यांना आणि कपाळाला काय लावलं होतंत?"

रामकिसन कोपऱ्यात गेला, पेटी उघडली आणि लहान बाटली आणून पाटावर ठेवली. रबराचं दूध, बुजलेल्या सुरकुत्या परत पाडणारं.

"लॅटेक्स," श्रीधर म्हणाला आणि खाली बसला. "मी विचारलं होतं, काका. दोनदा विचारलं."

"शेवटचा हात व्हता."

"पण सांगायचं ना!"

"सांगत नसतेत," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखा झाला होता. "सांगितलं की गळून पडतं."

श्रीधर भला माणूस. तो पुढं काहीच बोलणार नव्हता, पण रामकिसननंच विचारलं, "सांगितलं अस्तं तर?"

"दुसऱ्या जातीचं सिलिकॉन असतं. त्याला लॅटेक्स चालतं," श्रीधर खाली बघत म्हणाला. "माझ्याकडं शेडमध्ये होतं."

रामकिसननं तो लगदा चाचपून पाहिला आणि भिंतीवर डोकं टेकलं. मग आपटलं. मी त्याला धरलं तेव्हा त्याच्या बोटांना तो लगदा लागलेला होता आणि तो माझ्या सदऱ्याला चिकटत होता. आक्का हाक मारत होती, "किसन्या! ए किसन्या! काय झालं रं?"

त्यानं पुन्हा सुरुवात केली नाही असं नाही. पोत्यात माती होती. सांगाडा धुऊन घेतला. पण आक्काचा चेहरा आता रोज वेगळा होता, सुजेनं डोळे बुजत चालले होते आणि त्याला स्वतःला समोरचा अख्खा चेहरा बघायला मान कोंबड्यासारखी वळवावी लागायची. तो आक्काच्या तोंडावरून बोटं फिरवायचा, मग मातीवर फिरवायचा, मग पुन्हा आक्काच्या. "ही ती नाय," म्हणायचा आणि थापलेली माती खरवडून काढायचा. एकदा मला खाटेशी उभं केलं.

"काकासाहेब, तुम्ही इतकी वर्षं समोर व्हता. सांगा, डोळ्याखाली खळगा किती व्हता?"

मी डोळे मिटले. मला वेडी दिसली, राजमाता दिसली, सवत दिसली. काजळाच्या रेघा दिसल्या, त्याच्याच हाताच्या. चहाच्या वेळी मी तिचं बोलणं ऐकायचो, चेहरा न्याहाळत नव्हतो; जे निरखून पाहिलं होतं ते सगळं यानंच काढलेलं होतं. मी तसं सांगितलं आणि तो खाली बसला.

"म्हंजी मीच," तो म्हणाला. "मीच पुसली तिला."

 आक्काची बोलण्याची ताकद कमी होत होती. तिनं हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याचे केस विस्कटले, बस.

फाल्गुनात श्रीधर कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. त्यानं साच्याचा खराब झालेला वरचा भाग कापून टाकला होता आणि उरलेल्या भागात संगमरवराची भुकटी घालून रेझिन ओतलं होतं. गळा, हनुवटी, ओठ, नाकाचं टोक. त्याच्या वर काही नाही, ओबडधोबड कड. पण जे होतं ते असं की बघवेना. तो टोमण्याआधीचा ओठ. आता बोलेल की काय.

रामकिसन ते आक्काजवळ घेऊन गेला. तिनं उशीवरून मान वळवली.

"वरचं?"

"नाय आलं."

"मग?"

"मग काय. एवढंच."

आक्कानं ते दोन्ही हातांत घेतलं. बोट ओठांवरून फिरवलं. "तोंड तेवढं आलं व्हय. जे जन्मभर गप ऱ्हायलं नाय तेच." तिला दम लागला. थोड्या वेळानं म्हणाली, "आरसा दे."

"शेवटच्या हातानंतर आरसा नसतो, आक्का."

"तुझा हात फसला. आता चालतो."

मी भिंतीवरचा आरसा काढून तिच्यासमोर धरला. तिनं ते रेझिनचं तोंड उचललं आणि आपल्या सुजलेल्या तोंडापुढं धरलं, नाकाच्या टोकाशी बरोबर जुळवून. वर तिचे डोळे. सुजेतून, पापण्या कष्टानं उघडून, ती आरशात बघत होती. खाली ओढलेला ओठाचा कोपरा आणि वर तीच, खोडी काढणारी नजर. मी किती नाटकं केली, किती प्रवेश पाहिले. असा एकही नाही.

"हल नको," रामकिसन पुटपुटला. तो वाकला होता, मान इकडं तिकडं करत उरलेल्या फटीत तिला आणायचा प्रयत्न करत होता. "हल नको आक्का. हीच. हीच हाय. काकासाहेब, तिचे हात धरा, थरथरतेत."

मी आरसा गादीवर टाकला आणि तिची कोपरं धरली. रामकिसननं तिच्या कपाळावर बोटं ठेवली, भुवयांवर, पापण्यांवर, वणावर. पाठांतर करणाऱ्या पोरासारखी बोटं पुन्हा पुन्हा तिथंच. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिचे हात जड झाले आणि ते तोंड गोधडीवर घसरलं.

"बास," आक्का म्हणाली. "पूस आता."

रामकिसन उठला. फळीवरून खोबरेल तेलाची बाटली घेतली, धोतराचं फडकं घेतलं आणि नेहमी पुसायचा तसा तिचा चेहरा पुसला, कपाळापासून खाली. तिनं डोळे मिटून घेतले. नंतर मी ते फडकं पाहिलं. त्यावर काही उतरलं नव्हतं.

चैत्रात आक्का गेली.

रामकिसनला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मी अजून जातो, रिक्षानं. चहा मी करतो. ते अर्धं तोंड त्याच्या मांडीवर असतं. श्रीधरनं वरची कड घासून गुळगुळीत करून देतो म्हटलं होतं, यानं हात लावू दिला नाही. त्याचं बोट हनुवटीपासून निघतं, ओठ, ओठाचा कोपरा, नाकाचं टोक, मग ती खरबरीत कड. बोट तिथं थांबत नाही. कड ओलांडून तसंच हवेत वर जातं, गालाचं हाड काढतं, डोळ्याला वळसा घालतं, भुवई ओढतं.

परवा भुवईपाशी बोट थबकलं.

"काकासाहेब, वण डाव्या अंगाला व्हता ना?"

"डाव्या," मी म्हणालो. एवढं मला आठवत होतं.

"माझ्या डाव्या का तिच्या?"

मी कप खाली ठेवला. तोही जन्मभर तिच्यासमोर उभा, मीही समोर. मी डोळ्यांसमोर ती माती आणायचा प्रयत्न केला, मग आरशातली आक्का. आरशात तर सगळंच उलटं.

"रोज हात आपोआप जायचा," तो म्हणाला. "आता हातच मला इचारतोय."

 चहा निवत होता. त्याचं बोट त्या मोकळ्या जागेत एका भुवईवर गेलं, थांबलं, मग दुसऱ्या भुवईवर गेलं आणि पुन्हा पहिलीकडं यायला निघालं.